थांबत जाणाऱ्या गाड्या, वाहतं पाणी

जपानहून आलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा बुलेट ट्रेनबद्दल विचारतात. वेग किती होता, खिडकीतून काही दिसतं का, खरंच मिनिटाचाही उशीर होत नाही का. शिन्कान्सेन उत्तमच आहे. पण मला सांगायचं आहे ते तिच्यातून उतरल्यानंतरचं. त्याच स्टेशनाच्या कडेला, जरा अंधाऱ्या फलाटावर, दोन डब्यांची डिझेल गाडी घरघरत उभी असते. तिच्यात शाळा सुटलेली मुलं चढतात, दवाखान्यातून परतणारी म्हातारी माणसं चढतात, आणि मग ती भातशेती ओलांडून डोंगरात शिरते. तोहोकूत, म्हणजे होन्शू बेटाच्या उत्तरेकडच्या सहा प्रांतांत, अशा गाडीच्या वाटेवर कुठं ना कुठं गरम पाण्याचं गाव लागतंच.

2023 साली, पानं रंगायच्या दिवसांत, आई आणि मी अशाच गाड्यांनी हिंडलो. आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तुरळची आणि आरवलीची गरम पाण्याची कुंडं ती लहानपणापासून पाहत आलेली. थंडीत तिथं अंघोळ करून निघालं की घरापर्यंत ऊब टिकायची, असं ती अजून सांगते. त्यामुळे जमिनीतून ऊन पाणी येतं याचं तिला नवल नव्हतं. त्या पाण्याभोवती एका अख्ख्या देशानं केवढी व्यवस्था उभी केली आहे, हे पाहून मात्र ती थक्क झाली.

तसं दोन्हीकडचं पाणी वेगवेगळ्या कारणांनी तापतं. जपानच्या पूर्वेला समुद्राच्या तळाचा मोठा तुकडा देशाच्या खाली सरकतो आहे. त्यापायी खोलवर खडक वितळतो आणि वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. जपानच्या हवामान खात्याच्या यादीत 111 जिवंत ज्वालामुखी आहेत. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली. कोकणात पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. आईनं हे मला गाडीत बसल्या बसल्या बोटानं खिडकीच्या काचेवर आकृती काढून समजावलं. शाळेत विज्ञान शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि मी अजूनही तिच्या वर्गात आहे.

जपानात गरम पाण्याचे 27 हजारांवर झरे आहेत. कुठल्या पाण्याला ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचा झरा, म्हणायचं ते 1948च्या कायद्यानं ठरवून टाकलं आहे. पाणी उगमाशी 25 अंश सेल्सिअस किंवा जास्त हवं, नाहीतर ठरावीक खनिजांपैकी निदान एक त्यात पुरेशा प्रमाणात हवं. न्हाणीघरात कपडे बदलायच्या खोलीत एक चौकट टांगलेली असते. तिच्यात पाण्याचं तापमान, आम्लता, सोडियम किती, लोह किती, सल्फेट किती, सगळं लिहिलेलं. 2004 मध्ये काही ठिकाणी पाण्यात रंगाची पूड मिसळत असल्याचं उघडकीला आलं आणि देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून पाणी बाहेरून तापवलंय का, साधं पाणी मिसळलंय का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवतात का, हेही लिहावं लागतं. बाकीच्या बाया कपड्यांच्या घड्या घालत असताना आई चष्मा कपाळावर सरकवून, फोनवर भाषांतर लावून, ती चौकट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मग म्हणायची, "चल, आता उतरू या."

पहिलं गाव नारुको. फुरुकावाला शिन्कान्सेन सोडायची आणि रिकुउ पूर्व मार्गाची गाडी पकडायची. हा मार्ग कोगोता ते शिंजो, 94 किलोमीटरांचा. 1689 मध्ये कवी बाशो याच डोंगरांतून पायी पलीकडे गेला होता. नारुकोच्या फलाटावर उतरताच गंधकाचा वास आला. स्टेशनाबाहेर पाय सोडून बसायला गरम पाण्याची चर आहे. गाडीला वेळ असलेली दोन पोरं मोजे काढून तिथं फोन बघत बसली होती. 837 साली इथं डोंगर फुटून गरम झरे उसळले, अशी नोंद त्या काळच्या दरबारी इतिहासात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही साडेचारशे वर्षं आधीपासून इथली माणसं या पाण्यात बसताहेत.

आम्ही घरगुती र्योकानमध्ये, म्हणजे जुन्या जपानी धाटणीच्या निवासात, उतरलो. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, आईच्याच वयाच्या. गावातल्या न्हाणीघराची वाट सांगता सांगता त्यांची नजर आईच्या पायांवर गेली. त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून दाखवली आणि जोडव्यांकडे बोट केलं. मला काही कळेना. आईला कळलं. "चांदी काळी पडेल म्हणतायत त्या. गंधकाचं पाणी आहे, सिल्व्हर सल्फाइड होणार." लग्नापासून ऑपरेशनाच्या दिवसाखेरीज तिनं ती जोडवी काढलेली मी पाहिली नव्हती. ती उंबऱ्यापाशी बसली. बोटं सुजलेली, जोडवी सहज निघेनात. मालकीणबाई आतून साबणाचं पाणी घेऊन आल्या आणि तिच्या समोर गुडघे टेकून बसल्या. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत त्यांनी एका पायाचं जोडवं हळूच फिरवून काढलंही. आईनं दुसऱ्या पायाचं काढलं. दोन्ही रुमालाच्या कोपऱ्यात ठेवून गाठ मारली. बोटांवर पांढरे वळ उमटले होते. "बाबांना फोटो नको हं पाठवू," ती म्हणाली.

ताकीनोयू हे नारुकोचं सार्वजनिक न्हाणीघर. वर टेकडीवर गरम पाण्याच्या देवतेचं देऊळ आहे, तिथल्या झऱ्याचं पाणी लाकडी पन्हळीनं खाली येतं आणि लाकडाच्याच कुंडात पडतं. भिंती लाकडी, जमीन लाकडी, वर वाफ निघून जायला उंच धुराडं. पाणी दुधी, आंबट, त्वचेला चुणचुणणारं. आधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं. मग कुंडात शिरायचं. अंगावर सुतळीचा तोडाही नाही. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा.

मराठी बाईला याची धास्ती किती वाटते ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे नदीवर, कुंडावर लुगड्यानिशी उतरायचं आणि ओलेत्यानंच आडोशाला जायचं. आपल्या आईचं अंग आपण मोठेपणी पाहिलेलं नसतं, आणि आपलं तिला दाखवलेलं नसतं. मला स्वतःपेक्षा तिची काळजी वाटत होती. पण तिनं पंचा डोक्यावर ठेवला, कठड्याला धरून एकेक पाय आत टाकला आणि गळ्यापर्यंत बसली. तिच्या पोटावर माझ्या जन्माच्या वेळचा टाका आहे. तो मी पहिल्यांदा पाहिला. पलीकडे एक वाकलेल्या पाठीच्या आजी होत्या, त्यांच्या गुडघ्यावर तसाच लांब टाका. त्यांनी आईच्या गुडघ्याकडे पाहून आपल्या गुडघ्यावर थाप मारली, दोघी हसल्या. थोड्या वेळानं आई मला म्हणाली, "अगं, इथं कुणी कुणाकडे बघतच नाही. किती बरं वाटतं." मला वाटतं, या पाण्यातली सगळ्यांत मोठी औषधी ती असावी. चौकटीत तिचं प्रमाण लिहीत नाहीत.

तोहोकूतल्या शेतकऱ्यांत तोजी नावाची जुनी रीत आहे. भाताची कापणी झाली की माणसं तांदूळ, मिसो, लोणची घेऊन अशा गावी यायची आणि स्वस्तातली खोली घेऊन आठवडा, दोन आठवडे राहायची. स्वयंपाक आपला आपण करायचा, दिवसातून तीन-चारदा पाण्यात बसायचं, बाकी वेळ झोपायचं. वर्षभर चिखलात वाकलेली पाठ त्या दिवसांत सरळ व्हायची. नारुकोत अशा स्वयंपाकघराच्या खोल्या अजून मिळतात. आईनं एका ठिकाणी जाऊन शेगडी, पातेली, भाताचा कुकर सगळं तपासलं आणि पसंतीची मान हलवली. सोबत आलेल्या पोरांना खेळणं म्हणून इथल्या लाकूड कातणाऱ्या कारागिरांनी ज्या बाहुल्या कातल्या, त्याच पुढं कोकेशी म्हणून प्रसिद्ध झाल्या. नारुकोच्या कोकेशीचं डोकं फिरवलं की ती कुईं आवाज करते. मान कातून धडात घट्ट बसवतात, त्या घर्षणाचा तो आवाज.

याच गावात, 1948 मध्ये, वासेदा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी जमीन खोदताना गरम पाणी लागलं. ते न्हाणीघर आजही गावाकडे आहे, आणि विद्यापीठाच्या नावानंच ओळखलं जातं.

नारुकोहून पुढं निघाल्यावर गाडी बोगद्यातून एका लोखंडी पुलावर आली, खाली शंभर मीटर खोल घळ, दोन्ही अंगांना लाल-पिवळा डोंगर, आणि लगेच पुढचा बोगदा. पानांचे दिवस म्हणून चालकानं इथं वेग कमी केला. तेवढ्या क्षणासाठी डब्यातले सगळे एका बाजूला आले. समोरच्या बाकावरची शाळकरी मुलगी मात्र गणिताची वही वर न पाहता सोडवत राहिली. तिला हा डोंगर रोजचा.

तिच्याकडे बघून मला आदल्या वर्षी वाचलेला एक आकडा आठवला. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं 2022 मध्ये आपल्या तोट्यातल्या मार्गांचे हिशेब पहिल्यांदा जाहीर केले. नारुको ते मोगामी या तुकड्यात 2020 साली 100 येन मिळवायला 20 हजार येनांहून जास्त खर्च आला होता. ते कोविडचं वर्ष, हे खरं. पण बाकीच्या वर्षांतही हिशेब जमत नाहीच. गावं रिकामी होताहेत, मुलं सेंदाईला आणि टोकियोला जाताहेत, उरलेल्या म्हाताऱ्यांपैकी बरेच जण स्वतःची छोटी मोटार चालवतात. आम्ही ज्या सौंदर्यासाठी हजारो किलोमीटर गेलो, ते या तोट्यावर चाललेलं आहे. हे कळल्यावर मला ते जास्तच मोलाचं वाटायला लागलं. पर्यटकांसाठी वेगळ्या बांधलेल्या आलिशान गाड्याही जपानात आहेत, क्यूशूत 2013 पासून धावणारी नानात्सुबोशी त्यांतली सर्वांत नावाजलेली. तिच्यात बसायची इच्छा मला कधी झाली नाही. वही सोडवणारी मुलगी ज्या डब्यात असेल, त्याच डब्यात मला खिडकी हवी.

गोनो मार्गावर मात्र खास निसर्ग पाहण्यासाठी बांधलेली गाडी आहे, आणि तिच्यावर मी मनापासून खूश आहे. कारण ती त्याच जुन्या, एकेरी रुळांवरून, त्याच लहान स्टेशनांमधून जाते. अकिता आणि आओमोरी या दोन शहरांच्या मधे समुद्राला चिकटून जाणारा हा 147 किलोमीटरांचा मार्ग 1936 मध्ये पुरा झाला. 1990च्या आसपास तोही रिकामाच धावायचा. 1997 मध्ये रिसॉर्ट शिराकामी ही गाडी सुरू झाली आणि या किनाऱ्याचं नाव देशभर झालं. खिडक्या मोठ्या, बाकं ऐसपैस, आणि समुद्राचा सुंदर तुकडा आला की चालक आपणहून गाडी रांगती करतो.

हिगाशी-नोशिरोला गाडी दिशा बदलते, म्हणजे आतापर्यंत मागं असलेला डबा पुढं होतो. पुढचं नोशिरो स्टेशन. या गावच्या शाळेनं बास्केटबॉलच्या इतक्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या की फलाटावरच बास्केट लावली आहे. गाडी थांबते, प्रवासी उतरतात, एकेक चेंडू टाकून बघतात. आईनंही टाकला. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी गाडी उलटी फिरायची तिथं आजोबा उतरून चहा घ्यायचे, ही आठवण तिला इथं आली. भोर घाटातलं ते उलट फिरणं 1929 मध्ये बंद झालं, म्हणजे ही आठवण आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली असणार. घराण्यात रेल्वेच्या गोष्टी अशाच फिरतात.

इवादातेनंतर समुद्र जो डाव्या हाताला येतो तो तासन् तास सोडत नाही. काळे खडक, त्यांवर आपटणारं पाणी, वाऱ्यापासून बचावासाठी फळ्यांची उंच कुंपणं घातलेली घरं, कुंपणामागं मुळे वाळत घातलेले. कोकण रेल्वे समुद्राजवळून जाते असं आपण म्हणतो, पण ती बहुतेक ठिकाणी डोंगराच्या पोटात असते. इथं लाटेचा तुषार खरोखर काचेवर येतो.

वेस्पा त्सुबाकियामा स्टेशनाला आम्ही उतरलो. तिथून कोगानेझाकीच्या भूशिरावरचं फुरोफुशी ओन्सेन जवळ आहे, बस न्यायला येते. इमारतीतून बाहेर पडून पायऱ्या उतरून खडकांवर जायचं. समुद्राच्या पाण्यापासून काही पावलांवर, खडकातच, उघडी कुंडं आहेत. एक भोपळ्याच्या आकाराचं, ते सगळ्यांसाठी. शेजारचं कुंपणाआडचं बायकांसाठी. पाणी गढूळ, पिवळट तांबडं, आपल्या नदीला पहिल्या पावसाचं पाणी येतं तसं. ओठावर थेंब आला तर खारट, मागून लोखंडाची चव. आईनं ओंजळ भरून पाहिली. "वर येताना हे स्वच्छ असणार बघ. हवा लागली की फेरसचं फेरिक होतं, म्हणून हा रंग." आणि तसंच होतं. पाण्याची तोटी जिथं कुंडात सोडली आहे तिथं काठाचा दगड गंजाच्या जाड थरानं मढला होता, बोटानं खरवडला तर चिखलासारखा निघाला. आमचे पांढरे पंचे बाहेर काढले तेव्हा भगवे झाले होते.

दिवसा बाहेरच्या लोकांना येता येतं, दुपार कलली की फक्त मुक्कामाची माणसं, आणि अंधार पडल्यावर कुणीच नाही. लाटा वाढल्या तर कुंड बंद. त्या दिवशी वारा होता, तरी उतरू दिलं. डोक्यावर आठ-दहा अंशांची थंडी, अंगाला चाळिशीच्या पुढचं पाणी, आणि समोर सूर्य जपानच्या समुद्रात चाललेला. सहा-सात बायका होतो. कुणाचं लक्ष कुणाकडे नव्हतं, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या. आईनं हात जोडले, तिच्या शेजारच्या बाईनंही जोडले. सूर्य गेल्यावर एक जण मोठ्यानं "आऽऽ" म्हणाली आणि सगळ्या खळखळून हसलो.

दुसऱ्या दिवशी पुढची गाडी. सेंजोजिकी इथं ती पंधरा मिनिटं थांबते. 1792च्या भूकंपात समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि सपाट खडकाचं मोठं मैदान तयार झालं. फलाटावरून उतरून, रस्ता ओलांडून, थेट त्या खडकांवर जाता येतं. सुटायच्या आधी गाडी भोंगा देते. रस्त्याकडेला एक बाई माकुलं भाजत होती, सोया लावून, निखाऱ्यावर. आई खडकांपर्यंत आलीच नाही. "खडक काय, आपल्याकडेही आहेत," म्हणाली, आणि दोन्ही हातांत माकुलाच्या काड्या घेऊन गाडीत चढली. नंतर डब्यात त्या वासानं शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं, आईनं एक काडी पुढं केली, त्यांनी पिशवीतून एक सफरचंद काढून दिलं.

काही फेऱ्यांत पुढच्या डब्यात त्सुगारू शामिसेन वाजवतात. आम्हाला ती फेरी मिळाली. तीन तारांचं वाद्य, पण छेडत नाहीत, मोठ्या पानाच्या आकाराच्या नखीनं तारांवर आणि कातड्यावर आघात करतात, त्यामुळे ढोलकीचा आणि तारेचा आवाज एकदमच येतो. ही शैली या भागातल्या आंधळ्या भटक्या वादकांनी घडवली. ते दारोदार वाजवून धान्य मागायचे. विसाव्या शतकात ताकाहाशी चिकुझान या आंधळ्या वादकानं ती जपानभर नेली. बाहेर इवाकी डोंगर, 1625 मीटर उंच, एकटा, आणि त्याच्या पायथ्याशी लाल सफरचंदांनी वाकलेल्या बागा. मधे किझुकुरी स्टेशन येतं, त्याच्या दर्शनी भिंतीवर जोमोन या प्रागैतिहासिक काळातल्या मातीच्या मूर्तीची अवाढव्य प्रतिकृती आहे. पण मला तेव्हा कानांतून बाहेर यायचंच नव्हतं.

परतताना आम्ही कोरियामाहून आइझु-वाकामात्सुला वळलो. तिथून निघणारा तादामी मार्ग पाहायचाच होता. 135 किलोमीटर, नदीच्या कधी या तीरावर, कधी त्या. 2011च्या जुलैत अतिवृष्टी झाली आणि पूल वाहून गेले. आइझु-कावागुची ते तादामी हा 27.6 किलोमीटरांचा तुकडा बंद पडला. दुरुस्तीचा खर्च 900 कोटी येनांच्या घरात, आणि प्रवासी जेमतेम. कुठलाही हिशेबनीस म्हणाला असता की बस लावा. रेल्वे कंपनीचं तसंच मत होतं. फुकुशिमा प्रांत आणि वाटेवरची गावं मात्र हटली नाहीत. रूळ आणि पूल प्रांतानं आपल्या मालकीचे करून घेतले, देखभालीचा खर्च अंगावर घेतला, गाडी कंपनीनं चालवायची. 1 ऑक्टोबर 2022 रोजी, अकरा वर्षांनी, पहिली गाडी गेली. त्या तुकड्यात दिवसाला तीन गाड्या जातात आणि तीन येतात.

आमच्या यवतमाळच्या नातलगांमुळे मला शकुंतला आठवली. मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूर. लहानपणी त्या अरुंद रुळांवरच्या गाडीत बसले आहे. तीही तोट्यातली, तीही गरिबांची, आणि ती बंद पडली. लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, अजून देतात. तादामीच्या गाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की असा मार्ग वाचवणं अशक्य नसतं. तो कुणाचा तरी आपला असावा लागतो आणि त्याचे पैसे कुणीतरी ठरवून द्यावे लागतात.

या मार्गावर माणसं गाडीला हात करतात. भात झोडणारा शेतकरी, बागेत वाकलेली आजी, अंगणवाडीच्या मुलांची रांग. आपणही हात करायचा. आई शेवटपर्यंत दमली नाही.

कानेयामा गावाच्या हद्दीत वाड्यावाड्यांची स्वतःची गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत. ओशिओ, युकुरा, तामानाशी. तिथं तिकीटवाला नसतो. दाराशी लाकडी पेटी असते, तिच्यात ठरलेले पैसे टाकायचे आणि आत जायचं. आत टॉवेल नाही, साबण नाही, केस वाळवायचं यंत्र नाही. झाडलोट वाडीतली माणसं पाळीपाळीनं करतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजी कुंडाचा काठ ब्रशनं घासत होत्या. आमच्यासाठी त्या थांबल्या नाहीत, घासत राहिल्या. आईनं जरा वेळ पाहिलं आणि दुसरा ब्रश उचलला. मीही तांब्यानं पाणी ओतायला लागले. काठ घासून झाल्यावर तिघीही आत बसलो. आजींनी बोटांनी दाखवलं, आता ही झाडलोट करायला वाडीत पाच घरं उरली आहेत. आईनं पेटीत दुसऱ्यांदा पैसे टाकले. त्यांनी ते काढून परत तिच्या हातात ठेवले.

जायचं असेल त्यांनी एवढं पाहावं. 2023च्या ऑक्टोबरात देशभराच्या सात दिवसांच्या रेल्वे पासाची किंमत 29,650 वरून 50,000 येनांवर गेली. सगळा देश पळत पाहायचा नसेल, तर एका भागापुरता पास किंवा साधी तिकिटं पुष्कळदा स्वस्त पडतात. आणि पळू नयेच. अशा मार्गांवर एक गाडी चुकली तर पुढची तीन-चार तासांनी येते. तेवढा वेळ घालवायला गावात पाणी असतंच.

आता आईनं धाकट्या मावशीला तयार केलं आहे. मावशीची कंबर धरलेली असते, तिला क्यूशूला इबुसुकीच्या किनाऱ्यावरच्या गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरून घ्यायचं आहे. कागोशिमाहून तिथं जाणारी गाडी डोंगराच्या अंगानं काळी आणि समुद्राच्या अंगानं पांढरी रंगवलेली आहे. बेप्पूत वाफेवर भाज्या शिजवून देतात, तर तिथंही चार दिवस राहायचं आणि स्वयंपाक आपणच करायचा, असं दोघींचं फोनवर ठरलं. मसाल्याचा डबा कोण नेणार, यावर अजून वाद चालू आहे. पांढऱ्या बाजूच्या खिडक्या मिळवायचं काम माझ्याकडे आलंय.